पोत्यावरील आकडा आणि पोत्यातील द्रव्य

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे खतांच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. शेतकरी डायअमोनियम फॉस्फेटचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीएपीचे, पोते मागतो. पोत्यावर १८:४६:० असे आकडे छापलेले असतात. हिशेबी माणूस मनाशी बेरीज करतो. अठरा आणि शेहेचाळीस मिळून चौसष्ट झाले. मग शंभरातील उरलेले छत्तीस कशाचे? मातीचे, वाळूचे, की भेसळीचे? हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि ग्रामकार्यकर्त्यास त्याचे उत्तर पुष्कळदा नीट देता येत नाही.

खरे पाहता, जाणून घेण्यासारखी गोष्ट त्या छत्तीसांविषयी नसून शेहेचाळीसांविषयी आहे. डीएपीमध्ये शेकडा ४६ इतके स्फुरद हे मूलद्रव्य नसतेच. ते असते शेकडा २० च्या सुमारास. आणि तरीही पोत्यावर छापलेला आकडा खोटा नसतो. हे कोडे उलगडले नाही तर खताचा हिशेब दुपटीहून अधिक चुकू शकतो, व तो चुकल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

मूलद्रव्य आणि ऑक्साइड

रासायनिक क्रियेने ज्याचे आणखी साध्या द्रव्यांत पृथक्करण करता येत नाही, त्यास मूलद्रव्य म्हणतात. लोखंड, तांबे, जस्त, गंधक ही शेतकऱ्याच्या ओळखीची मूलद्रव्ये होत. हवेतील प्राणवायू हेही मूलद्रव्यच. अन्य मूलद्रव्याचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे त्या मूलद्रव्याचे ऑक्साइड तयार होते.

ही क्रिया घरोघर चाललेली असते. पडवीत टाकलेल्या नांगराच्या फाळावर पावसाळ्यात जो गंज चढतो तो लोहाच्या ऑक्साइडाचा, पाणी धरून ठेवलेला प्रकार होय. भिंतीला लावावयाचा गेरू, कोकणातील जांभ्या दगडाची तांबूस छटा, भट्टीतून निघालेल्या विटेचा लाल रंग, ही सर्व लोहाच्या ऑक्साइडांचीच करणी आहे. शेतात नांगराला लागणारी पांढरी गारगोटी म्हणजे सिलिकॉनचे ऑक्साइड. वैद्याच्या पेटीतील लोहभस्म आणि जसदभस्म हीही अनुक्रमे लोह व जस्त यांची मुख्यतः ऑक्साइडेच होत. जुन्या लोकांनी भस्म हा शब्द मोठ्या नेमकेपणाने योजला होता असे म्हणावे लागते. फार काय, पाणी हे हायड्रोजनचे ऑक्साइड आहे.

संयोग झाला की मूळ द्रव्याचा स्वभाव पालटतो. पिकाच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. महाराष्ट्रातील काळी जमीन ज्या काळ्या पाषाणापासून बनली आहे, त्याच्या रासायनिक पृथक्करणात लोहाचे ऑक्साइड शेकडा दहा किंवा त्याहूनही अधिक सापडते. हेक्टरभर जमिनीतील वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २२ लाख किलो वजनाचा धरला आणि त्यात शेकडा पाचच भाग लोह आहे असे मानले, तरी ते एक लाख किलोहून अधिक भरते. इतके लोह पायाखाली असूनही चुनखडीच्या जमिनीतील ऊस व भुईमूग पिवळा पडतो. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधला भाग पांढरट पिवळा दिसतो. ही लोहाचीच कमतरता होय. चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत लोहाची ऑक्साइडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, आणि न विरघळलेले अन्न मुळांना घेता येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळा जमिनीतील एकूण लोह मोजीत न बसता पिकास मिळू शकणारे लोह मोजते. ते दर दहा लाख भागांत ४.५ भागांहून कमी भरले तर जमीन लोहाच्या बाबतीत कमतरतेची समजतात. वर सांगितलेल्या थरात हे प्रमाण सुमारे दहा किलो होते. लाख किलो एकीकडे आणि दहा किलो दुसरीकडे! अशा शेतात गंजलेले खिळे व पत्रे पुरण्याचा उपाय काही ठिकाणी सुचविला जातो. असलेल्या लाखात दोन-चार किलोंची भर घालण्यापलीकडे त्यापासून काही निष्पन्न होत नाही. विद्राव्य हिराकसाची फवारणी किंवा चिलेटयुक्त लोह हाच तेथे उपाय.

राखेपासून आलेली रीत

खताच्या पोत्यावर स्फुरद व पालाश यांचे प्रमाण ऑक्साइडाच्या रूपाने छापण्याची रीत कोठून आली, हे समजण्यासाठी चुलीतील राखेकडे वळावे लागेल.

वनस्पती जाळली असता तिच्यातील कार्बन व नत्र वायुरूपाने निघून जातात आणि खनिज भाग राखेच्या रूपाने मागे राहतो. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांपाशी आजची उपकरणे नव्हती. त्यांचा आधार म्हणजे भट्टी आणि तराजू. पीक जाळावे, राख तोलावी, राखेतील घटक एकेक करून वेगळे काढावेत व पुन्हा तोलावेत, अशी त्यांची पद्धती होती. राखेतील बहुतेक द्रव्ये प्राणवायूशी जोडलेली असल्यामुळे प्रत्येक घटक ऑक्साइडाच्या रूपाने मांडला की सर्वांची बेरीज शंभराच्या जवळ येई आणि काही हातचे सुटले नाही ना, याची खात्री पटे. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाचा शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ १८४० साली प्रसिद्ध झाला आणि पीक जमिनीतून खनिज द्रव्ये उचलते या विचारास जोर आला. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ याने १८४२ साली सुपर फॉस्फेटचे एकस्व घेतले व पुढील वर्षी रोदॅमस्टेड येथे त्याचे शेतीप्रयोग सुरू झाले. खतांचा व्यापार वाढला तो या काळात. व्यापाराने प्रयोगशाळेची भाषा उचलली, पुढे कायद्याने ती व्यापाराकडून घेतली, आणि ती आजतागायत चालू आहे. जळताना नत्र निघून जात असल्यामुळे ते राखेच्या यादीत कधीच नव्हते. नत्राचा आकडा मूलद्रव्याचाच राहिला.

सिमेंटच्या चाचणीपत्रकातही हीच रीत दिसते. त्यात चुना शेकडा साठाहून अधिक लिहिलेला असतो. परंतु सिमेंटच्या गोणीत मोकळा चुना अगदी थोडा असतो. बाकीचा सर्व सिलिकॉन, अॅल्युमिनियम व लोह यांच्याशी बांधलेला असतो.

पोटॅश हा शब्ददेखील राखेतूनच जन्मला. लाकडाची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी भांड्यात आटविले म्हणजे जो क्षार उरे त्याला इंग्रजीत भांड्यातील राख या अर्थाचे हे नाव पडले. १८०७ साली हंफ्री डेव्ही याने पोटॅशच्या दाहक क्षारातून विजेच्या प्रवाहाने एक चकचकीत, मऊ धातू वेगळा केला. हाच पोटॅशियम. पाण्यावर टाकताच तो जांभळट ज्योतीने पेट घेतो. शेतात पालाश म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्याचे मूळ रूप हे असे आहे!

राखेविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवणे बरे. सर्व राखा सारख्या नसतात. लाकडाच्या राखेत पालाश बऱ्यापैकी असतो. भाताच्या तुसाची राख मात्र बहुतांशी सिलिकाच असते व तिच्या ढिगावर पालाशासाठी भिस्त ठेवणे व्यर्थ होय. शिवाय राखेतील पालाश पाण्यात विरघळणारा असल्याने उकिरड्यावर उघडी पडलेली राख एका पावसाळ्यात निःसत्त्व होते. राख शेणखतात किंवा अमोनियायुक्त खतात मिसळू नये. ती विम्ल असल्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. तिखट वास येऊ लागला की नुकसान सुरू झाले असे समजावे.

पोत्यात प्रत्यक्ष काय असते

स्फुरदाच्या ऑक्साइडाचे रासायनिक चिन्ह पी२ओ५ व पालाशाच्या ऑक्साइडाचे के२ओ. पोत्यावर ही चिन्हे इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात. परंतु ही दोन्ही द्रव्ये पोत्यात नसतात, आणि असणे शक्यही नाही. स्फुरदाचे हे ऑक्साइड पांढरी भुकटी असून ते पाणी इतक्या आवेगाने शोषून घेते की, ओल्या हातास लागले तर भाजते. पालाशाचे ऑक्साइडही पाण्याशी असेच उग्रपणे संयोग पावते. अशा वस्तू गोणीत भरून बैलगाडीने वा टेम्पोने कोणी नेऊ शकणार नाही.

म्युरेट ऑफ पोटॅशचे उदाहरण तर मोठे मौजेचे आहे. या खतावर पालाश शेकडा ६० असे लिहितात, तेही ऑक्साइडाच्या रूपाने. प्रत्यक्षात हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात पोटॅशियम आहे, क्लोरीन आहे, पण त्याच्या रेणूत प्राणवायूचा कणही नाही. ५० किलोच्या पोत्यात ऑक्साइडाच्या हिशेबाने ३० किलो पालाश धरला जातो; पोटॅशियम हे मूलद्रव्य सुमारे २५ किलो असते, आणि बाकीचे वजन बव्हंशी क्लोरीनचे. ‘यातील पोटॅशियम जर ऑक्साइडाच्या रूपात असते तर त्याचे वजन इतके झाले असते’, एवढाच त्या साठाच्या आकड्याचा अर्थ आहे.

आता डीएपीच्या पोत्याचा झाडा घेता येईल. ५० किलोंत नत्र ९ किलो. स्फुरद, ऑक्साइडाच्या हिशेबाने, २३ किलो. मूलद्रव्य म्हणून सुमारे १० किलो. उरलेले ३१ किलो म्हणजे वाळू नव्हे. त्यात मुख्य भाग प्राणवायूचा, काही हायड्रोजनचा आणि थोडा खनिजाबरोबर आलेल्या अशुद्ध द्रव्यांचा व ओलाव्याचा असतो. नत्र व स्फुरद यांना पिकास घेता येईल अशा रूपात धरून ठेवण्यासाठी हा प्राणवायू व हायड्रोजन आवश्यकच आहेत. भेसळ होत नाही असा याचा अर्थ नाही. ती ओळखण्यासाठी नमुना खतनियंत्रण प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शंभरातून चौसष्ट वजा करून ती सापडत नाही.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत या प्रकरणी एक अडचण अधिक आहे. स्फुरद हा शब्द फॉस्फरस या मूलद्रव्यासही लावतात व त्याच्या ऑक्साइडासही, पालाशाचेही तसेच. खताच्या शिफारशीत नत्र, स्फुरद, पालाश असे लिहिलेले असते तेव्हा शेवटचे दोन आकडे ऑक्साइडाचे समजावयाचे असतात. माती परीक्षणाच्या अहवालात मात्र उपलब्ध स्फुरद हे पुष्कळदा मूलद्रव्याच्या रूपाने दिलेले असते. शब्द तोच, हिशेब दुसरा.

रूपांतराची रीत सोपी आहे. स्फुरदाच्या ऑक्साइडाचे १४२ भाग घेतले तर त्यांत ६२ भाग फॉस्फरस असतो. म्हणून ऑक्साइडाच्या आकड्यास ०.४४ ने गुणले की मूलद्रव्य मिळते, आणि मूलद्रव्यास २.२९ ने गुणले की ऑक्साइड. पालाशाच्या ऑक्साइडाचे ९४ भाग घेतले तर ७८ भाग पोटॅशियम. तेथे गुणक ०.८३ व १.२० हे होत. पालाशातील चूक त्यामुळे पाचवा-सहावा हिस्सा इतकीच होते. स्फुरदातील चूक दुपटीहून मोठी असते.

ती कशी घडते ते पाहावे. एका पिकास हेक्टरी ६० किलो स्फुरदाची शिफारस आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद शेकडा १६. शिफारसही ऑक्साइडाची व पोत्यावरील आकडाही ऑक्साइडाचा, म्हणून हिशेब सरळ आहे: हेक्टरी ३७५ किलो, म्हणजे एकरी तीन पोती. परंतु रसायनशास्त्र थोडेसे शिकलेल्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याने ६० हा आकडा मूलद्रव्याचा मानला आणि त्यास २.२९ ने गुणले, तर हेक्टरी सुमारे ८६० किलो, म्हणजे एकरी जवळजवळ सात पोती घ्यावी लागतील. चार पोत्यांचे पैसे एकरामागे फुकट. ते स्फुरद त्या हंगामात पिकाच्या उपयोगी पडत नाही; काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी व जांभ्या जमिनीत लोह आणि अॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांशी बांधले जाते, आणि स्फुरद फाजील झाले की जस्ताची कमतरता डोके वर काढते. अर्धे ज्ञान येथे अज्ञानापेक्षा महाग पडते.

अहवाल वाचण्यातील चूक याहून अवघड, कारण ती दोन्ही बाजूंनी होते. देशात दीर्घकाळ रूढ असलेल्या वर्गवारीनुसार हेक्टरी १० किलोंहून कमी फॉस्फरस असलेली जमीन स्फुरदाच्या बाबतीत कमी, आणि सुमारे २५ किलोंपर्यंतची मध्यम समजली जाते. हे आकडे मूलद्रव्याचे आहेत. अहवालात १५ असे लिहिले असेल व तो आकडा मूलद्रव्याचा असेल, तर जमीन मध्यम ठरते. तोच आकडा कोणी ऑक्साइडाचा समजला तर मूलद्रव्य साडेसहा किलोच भरते, जमीन कमी ठरते आणि शेतकऱ्याकडून जादा खत विकत घेवविले जाते. उलट, अहवाल ऑक्साइडाचा असून त्यात २० असे लिहिले असेल, तर खरे मूलद्रव्य पावणेनऊ किलो, म्हणजे जमीन भुकेली. परंतु आकडा मूलद्रव्याचा मानणारा तिला मध्यम ठरवून मोकळा होतो. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेचा असो वा खाजगी प्रयोगशाळेचा असो, अहवाल हाती येताच प्रथम स्तंभाच्या मथळ्यातील चिन्ह पाहावे. नुसते ‘पी’ असेल तर मूलद्रव्य. ‘पी२ओ५’ असेल तर ऑक्साइड. चिन्हच नसेल तर प्रयोगशाळेकडे विचारणा केल्यावाचून खताची मात्रा सांगू नये. मथळ्यात हेक्टर आहे की एकर आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांवर हा घोटाळा नाही. झिंक सल्फेटवरील २१ हा आकडा जस्ताचाच असतो आणि हिराकसावरील १९ हा लोहाचाच. ठिबकमधून दिल्या जाणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटच्या बाबतीत मात्र द्राक्ष व डाळिंब बागाईतदारांनी सावध असावे. परदेशी छपाईत त्यावर कॅल्शियमचे ऑक्साइड शेकडा २६ असे लिहिलेले आढळते, देशी छपाईत कॅल्शियम सुमारे १९ असे. वस्तू एकच, छव्वीसवाल्यासाठी जादा दाम मोजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत खतांवर मूलद्रव्याचेच आकडे छापतात. तेथील माहितीपत्रके वाचून येथील मात्रा ठरविणारांनी हे विसरू नये.

चुन्याची गोष्ट निराळी

खतावरील ऑक्साइड कागदावरचे. चुन्याच्या भट्टीतून निघणारे ऑक्साइड मात्र खरेखुरे, हाताला चटका देणारे. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियमचे ऑक्साइड, शिल्लक राहतो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातले की तो खदखदून फुलतो व ७४ किलो विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीस दिला असता हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेतो व हळूहळू मूळ चुनखडीसारखा होऊन बसतो.

कोकणातील आम्ल जमिनीस चुना देताना हे तीन आकडे उपयोगी पडतात. ५६ किलो कळीचा चुना, ७४ किलो विरलेला चुना व १०० किलो चुनखडीची बारीक भुकटी यांचे आम्लता मारण्याचे सामर्थ्य सारखेच. मात्र माल शुद्ध हवा. शिफारस कोणत्या रूपाची आहे हे विचारून मगच खरेदी करावी. भुकटी सावकाश काम करते, पण हाताळण्यास निर्धोक असते. चुना आणि अमोनियायुक्त खत एकाच वेळी देऊ नये. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस चुना देण्याचे काहीच कारण नाही.

बोर्डो मिश्रण करणारांना चुन्याचे वय ओळखता आले पाहिजे. सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्यापूर्वी हे मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात वेगवेगळा कालवून नंतर दोन्ही एकत्र ढवळतात. गतवर्षीचा, उघड्या गोणीत राहिलेला चुना वापरला तर तो वजनाने किलोभर भरेल, पण त्यातील बराच भाग हवेने चुनखडी झालेला असेल. मोरचूद मग पुरते मारले जात नाही आणि मोकळे राहिलेले तांबे कोवळा पाला व फळे भाजून काढते. म्हणून चुना कळीच्या रूपातील, खड्यांचा, पाणी पडताच तापणारा असा घ्यावा. भुकटी होऊन पडलेला घेऊ नये. विरविताना चुना थोडाथोडा पाण्यात टाकावा, चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. डोळे सांभाळावेत आणि मुलांना दूर ठेवावे. मिश्रणासाठी लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे न घेता प्लास्टिकचे, लाकडाचे किंवा मातीचे घ्यावे.

मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासून स्वच्छ केलेला विळा मिनिटभर बुडवून बाहेर काढावा. पात्यावर तांबूस थर दिसला तर ते लोखंडावर उतरलेले निखळ तांबे होय. चुना कमी पडला आहे. आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी, ढवळावे आणि विळा पुसून पुन्हा बुडवावा. पाते जसेच्या तसे बाहेर येईपर्यंत हे करावे व मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवावे.